वाळुंजाची मोजणी

"ही झुडपं कुणी कापली?"

टोपलीवालीनं डोक्यावरचा फोकांचा भारा खाली टाकला. समोर घोटाभर चिखलात एक चष्मेवाला तरुण उभा होता, कुणीतरी ताटातलं उचलून नेल्यासारखा.

"मी. झुडपांवरच्या फिती तुम्ही बांधल्या होत्या?"

"हो! फीत म्हणजे हात लावू नका!"

"आमच्यात फीत म्हणजे कापा. बाबा तयार झुडपाला बांधतात, मी कापते. म्हटलं, आज बाबांना भलताच हुरूप आलाय..."

तो मटकन काठावर बसला. नदी-खात्याचा मोजणीदार होता तो. दर पुरात बुडणारा वाळुंज काठ धरून ठेवतो, हे त्याला सिद्ध करायचं होतं. नाही तर खातं सगळी झुडपं उपटून सिमेंटची भिंत बांधणार होतं. आता तीही त्याच्या शेजारी बसली. वाळुंज गेला तर टोपल्या कशाच्या विणायच्या?

"रडू नका हो. वाळुंज कापल्यानं मरत नाही, दुप्पट फुटतो."

"रडत नाहीये... चष्म्यावर चिखल उडालाय."

"आतून?"

तो हसला. हसल्यावर बरा दिसत होता, मेला!

मग रोज सकाळी दोघं कोंब मोजू लागले. तो आकडा सांगायचा, ती लिहायची — आणि त्यानं वर पाहिलं की हमखास चुकायची. बाबा विचारायचे, "झुडपं चाळीसच ना गं? मग एवढा वेळ?" तिचे कान लाल व्हायचे.

पूर आला. चार दिवसांनी पाणी ओसरलं, तशी दोघं धावत सुटली. झुडपं गाळात आडवी झाली होती, पण मुळं घट्ट होती आणि काठ वीतभरही ढासळला नव्हता. आनंदाच्या भरात त्यानं तिचा हात धरला. सोडायचं मात्र दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

पंधरा दिवसांत भिंत रद्द झाली. बातमी सुखाची, पण तिची वीण पुन्हा पुन्हा चुकू लागली. काम संपलं, आता हा जाणार.

"कधी निघताय?" टोपलीवरची नजर न उचलता तिनं विचारलं.

"नाही निघत. अजून वर्षभर मोजणी हवी, असं मी अहवालात लिहिलं. खात्यानं मान्य केलं. फक्त... थोडं खोटं लिहिलं."

"काय?"

"कारण म्हणून नदी लिहिली. खरं कारण तू आहेस."

तिचे हात थांबले. डोळे भरून आले, तरी जीभ काही गप्प बसेना.

"वर्षभरच?" ती म्हणाली. "मला तुम्ही जन्मभर हवे आहात. तसं लिहा."