साठ मोजेपर्यंत

अरे ए भाच्या, बंद कर ती गाडी! आधी बंद कर! चावी फिरवली की लगेच घूंऽऽऽ! काय मिळतं रे तुला? संध्याकाळपासून उघड्यावर गारठलीय ती. गाढ झोपेतून उठवलेल्या माणसाला कोणी लगेच पळायला लावतं का?

मित्रांना घरी सोडायचंय ना, सोड. आत्ता साडेअकरा वाजलेत. त्यांची घरं काही पळून जात नाहीत. या रे पोरांनो, बसा पाच मिनिटं. तोंडं वाकडी करू नका. म्हातारा भाषण नाही देणार, घडलेलं सांगणार आहे. ज्याच्याबाबतीत घडलं तो गॅरेजात माझ्या शेजारच्या ठोकळ्यावर बसून दहा वर्षं जेवलाय.

मी डेंटिंग-पेंटिंगचं काम करायचो ते गॅरेज मिस्त्रींचं. माणूस अबोल, पण हात सोन्याचा. थंड गाडी चालू केली की बॉनेटवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि दुसऱ्या हातातल्या पान्याने टक... टक... असे साठ ठोके मोजायचे. तळाशी बसलेलं तेल वर चढायला तेवढा वेळ लागतो म्हणायचे. तोवर लोखंड लोखंडावर घासतं. साठ झाले की निघायचं, पण पहिले दोन-तीन किलोमीटर बेताने. इंजिनच्या गरमीचा काटा वर आला की मग हवी तशी पळवा. उगाच अर्धा तास उभ्या उभ्या घुरघुरत ठेवणाऱ्यालाही शिव्याच घालायचे.

संध्याकाळी काम संपलं की घरी मोरीत जाऊन हात धुवायचे. जाड पिवळा साबण, आधी रॉकेलचा बोळा. त्या वासावरून मिस्त्री आले हे गल्लीला कळायचं.

त्यांच्या हाताखाली एक होता, त्याला आम्ही भुंगा म्हणायचो. गाडीत बसला की घूंऽऽऽ, अगदी तुझ्यासारखा! कामात हुशार, मनाने चांगला, पण घाई अशी की चहासुद्धा फुंकर न घालता प्यायचा आणि मग जीभ भाजली म्हणून बोंबलायचा.

एका जानेवारीत रात्री मिस्त्रींच्या छातीत कळ आली. वहिनी, म्हणजे मिस्त्रींची बायको, बहिणीकडे गेलेल्या. मिस्त्रींनीच भुंग्याला फोन केला. तो धावत आला, मिस्त्रींना त्यांच्याच पांढऱ्या डिझेल गाडीत मागच्या सीटवर झोपवलं, चावी फिरवली आणि पाय दाबला तो थेट तळाला. मागून मिस्त्री म्हणाले, "साठ मोज रे..." हा म्हणाला, "आता कसले साठ, मिस्त्री!"

ओढ्यावरच्या पुलापर्यंत गाडी गेली. तिथे इंजिन खडखडलं आणि जाम झालं. अँब्युलन्स यायला चाळीस मिनिटं लागली. मिस्त्री त्याआधीच गेले. त्या सीटवरच.

आता माणूस म्हणून सांगतो, भुंग्याचं खरं पाप ते नव्हतं. घाबरलेला माणूस चुकतो. पण तो खोटं बोलला. म्हणाला, गाडीच खराब होती, तेल बदललेलं नव्हतं. झालं! गावभर एकच, दिव्याखाली अंधार. लोकांची इंजिनं बांधली आणि स्वतःच्या गाडीकडे ढुंकून पाहिलं नाही. वहिनींनी ते खरं मानलं. मला म्हणाल्या, "भावजी, इतके निष्काळजी होते का हो हे?" मलाही तेच वाटत होतं.

वर ती गाडी वहिनींनी भुंग्यालाच दिली. "दुरुस्त करून तूच वापर," म्हणाल्या. त्याने इंजिन नव्याने बांधलं आणि मान खाली घालून गाडी घेऊन गेला.

मग आली पुढच्या वर्षीची सोळा जानेवारी. गुरुवार. भुंगा संध्याकाळी बायकोची औषधं घेऊन आला. तिला आठवा महिना होता, तब्येत ठीक. जेवले, झोपले. पहाटे सव्वातीनला तिने त्याला हलवलं. पोटात कळा आणि चादर रक्ताने भिजलेली.

अँब्युलन्सवाले म्हणाले, तासभर लागेल. हॉस्पिटल अकरा किलोमीटरवर. त्याने बायकोला उचलून मागच्या सीटवर झोपवलं. बाहेर थंडी अशी की काचांवर दव गोठलेलं. चावी फिरवली. गाडी चालू झाली. पाय दाबला.

पेडल हललं नाही.

दगडावर पाय ठेवावा तसं. दोन्ही पायांनी दाबलं. नाहीच. इंजिन आपलं खालच्या सुरात चालू. आणि मागच्या काचेवर...

टक.

टक.

टक.

त्याला वाटलं, बायको वेदनेने बांगडी आपटतेय. आरशात पाहिलं. तिचे दोन्ही हात पोटावर होते.

आणि वास आला. रॉकेलचा. पिवळ्या साबणाचा.

भुंगा मोजत नव्हता. पण आकडे डोक्यात आपोआप पुढे सरकत होते. सत्तावन्न... अठ्ठावन्न... एकोणसाठ...

साठ.

पेडल थोडं खाली गेलं. थोडंच. गाडी निघाली, तिशीच्या वर काही जाईना. मागे बायको कण्हत होती. "लवकर चला हो... लवकर." तो रडत होता. "दाबतोय गं, दाबतोय!"

एक किलोमीटर. दीड. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मग तिचं कण्हणं थांबलं.

"अहो..."

"काय गं?"

"माझ्या पोटावर हात कोणाचा आहे?"

भुंग्याने मागे पाहिलं नाही. मला म्हणाला, दादा, मानच वळेना.

"गार आहे हो," ती म्हणाली. "खूप गार. नुसता ठेवलाय. काही... ऐकतोय."

दोन किलोमीटर. अडीच. काटा वर आला. मधोमध. गाडी पुरती गरम झाली होती. भुंग्याला वाटलं, सुटलो! आता पळेल! त्याने जीव खाऊन पेडल दाबलं.

गाडी थांबली.

ओढ्यावरच्या पुलावर. त्याच जागी. इंजिन चालू, दिवे चालू, आणि पेडल पुन्हा दगड.

टक.

टक.

"मिस्त्री," भुंगा म्हणाला, "साठ मोजले ना मी! काटा वर आलाय! अजून काय हवंय?"

टक.

टक.

"तिला काही होऊ देऊ नका. पाया पडतो तुमच्या... माझं बाळ आहे हो ते!"

टक.

बायको बोलेनाशी झाली. त्याने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. चाळीस... पन्नास... ठोके चालूच. साठ झाल्यावर काय होणार? या विचाराने त्याची पाचावर धारण बसली.

पंचावन्न.

छप्पन्न.

तेव्हा तो ओरडला. स्टिअरिंगवर डोकं आपटून ओरडला.

"मी रेस केली होती! गाडीत काही खोट नव्हती! तेलही तुम्ही आठवड्यापूर्वीच बदललं होतं! मी मारलं तुम्हाला... आणि वर तुमचंच नाव घालवलं! सांगतो मी तुमच्या घरी जाऊन काकूंना! उजाडलं की सांगतो!"

ठोके थांबले.

काहीच नाही... नुसतं इंजिन.

मग बायकोचा श्वास ऐकू आला. लांब, खोल. म्हणाली, "हात गरम झाला हो." आणि थोड्या वेळाने, "काढला."

मागचं दार उघडलं. हळूच लागलं. पेडल लोण्यासारखं खाली गेलं.

मुलगी झाली. चिमणीएवढी, पण रडली खणखणीत. दोघी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर कठीण होतं. भुंगा तसाच, रक्ताच्या शर्टाने, सात वाजता वहिनींच्या दारात उभा राहिला. रात्रीचं कोणाला काही माहीत नव्हतं. घरी कोणी नव्हतं सांगायला.

तो तोंड उघडणार तोच वहिनी म्हणाल्या, "तू रात्री येऊन गेलास का रे? चारच्या सुमारास मोरीतला नळ वाजला. दाराला तर आतून कडी होती."

त्याला मोरीपाशी नेलं. मिस्त्रींचा पिवळा साबण त्यांनी टाकला नव्हता. जीव होईना. वर्षभर फळीवर पडून पडून तो वाळून भेगाळला होता.

तो ओला होता. वर काळा फेस. खाली मोरीच्या दगडावर काळं, तेलकट पाणी.

भुंगा तिथेच सगळं बोलला. वहिनींनी ऐकून घेतलं. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. पदराने डोळे पुसले आणि एवढंच म्हणाल्या, "म्हणजे निष्काळजी नव्हते ना रे ते?"

संध्याकाळी भुंगा माझ्याकडे आला आणि हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, वेडा आहेस, घाबरलास म्हणून तुला भास झाले. मग वहिनींकडे गेलो. म्हटलं बघू तरी.

याला येत्या जानेवारीत चार वर्षं होतील. त्या फळीवर आता दुसरं काही ठेवत नाहीत. परवाच गेलो होतो, बोट लावून पाहिलं.

तो साबण अजून वाळलेला नाही.