अर्धा किलो डेट

तो पहिल्यांदा बेकरीत शिरला तोच मुळी चुकून. हातातल्या कागदात डोकं खुपसून आला, वरच्या मजल्याच्या जिन्याचं समजून बेकरीचं दार ढकललं, आणि गरम पावांचा ट्रे घेऊन निघालेल्या तिच्यावर जवळजवळ आदळलाच.

"माफ करा हं... मला वर, शब्दकोशाच्या ऑफिसात जायचं होतं."

"मग वर बघा की!" ती म्हणाली, आणि तो चक्क छताकडे बघू लागला. तिला हसू आवरेना.

त्यानंतर मात्र तो रोजच वाट चुकायला लागला. एक बन घ्यायचा आणि एखाद्या शब्दाचं कूळ सांगत काउंटरशी रेंगाळायचा. तिचे बाबा त्याला 'कोशवाले' म्हणत. त्याने तिला एकदाही 'ताई' म्हटलं नव्हतं, यावरच तिची सगळी भिस्त होती. बाकी कशावरही स्वारी घडाघडा बोलेल. मनातलं काढायचं म्हटलं की तोंडाला कुलूप! आणि आता तर त्याचं ऑफिस दुसऱ्या शहरात हलणार होतं... मग हा बोलणार तरी कधी?

अशात बेकरीच्या फोनवर त्याचा मेसेज आला. 'उद्या सहा वाजता वर ऑफिसात डेट मिळेल का?'

ती स्टुलावर मटकन बसली. निघायची वेळ आली, आणि या माणसाला आठवण कुणाची, तर खजुराची! डेट केक, डेट बिस्किटं... बेकरीत डेट म्हणजे खजूर, दुसरं काय? तिने रागारागाने लिहिलं, 'किती किलो?'

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, 'अर्धा...?'

दुसऱ्या दिवशी सहाला ती पुडा घेऊन जिना चढली. सगळं सामान खोक्यांत भरलेलं. खिडकीपाशी मात्र दोन खुर्च्या, दोन कप, आणि इस्त्रीच्या शर्टात अवघडून उभा असलेला तो. तिने खुर्च्यांकडे पाहिलं, मग हातातल्या पुड्याकडे.

"अगं बाई! म्हणजे... ती डेट?"

"मला वाटलं, तुम्ही थट्टा करताय..." तो कानापर्यंत लाल झाला आणि घाईघाईने शब्दांच्या आडोशाला गेला. "तशी चूक तुमची नाही हो. शब्द मुळात दोन आहेत. खजुराचा डेट जुन्या ग्रीकमधला, अर्थ बोट. तारखेचा लॅटिनमधला, अर्थ दिलेलं. पत्र अमुक दिवशी दिलं, असं लिहायचे ना, त्यावरून—"

"कोशवाले, शब्द पुरे. तुम्हाला काय हवंय?"

त्याने तिच्या हातातला पुडा घेऊन खोक्यावर ठेवला.

"तुम्ही... मला फार आवडता. ऑफिस कुठेही जाऊ दे, मी वाट चुकणार ती इथेच."

तिला एकदम इतका आनंद झाला की हसूच फुटलं. मग तिने पिठाने माखलेलं बोट पुढे केलं.

"घ्या. बोट... आणि दिलेलंही. पण बोट मिळालं की हात धराल, ठाऊक आहे मला!"

"धरणारच," तो म्हणाला, आणि धरलाच.

खालून बाबांची हाक आली, "अगं, पोचली का ऑर्डर?"

"पोचली, बाबा!"

"मग तो खजूर खाली आण. त्यांना तो नकोच होता!"