लाल रेघेचा खोटा आळ

या, अशा जवळ सरून बसा. वर्ध्याच्या आचलची गोष्ट सांगते. प्रेमाचीच आहे, पण सुरू होते भांडणाने; तेव्हा दचकू नका.

आचल चहा घेऊन ऑफिसात परतली, तर तिच्या खुर्चीत अनोळखी तरुण! आजच रुजू झालेला निकेश. तो हसला... हसू गोड होतं, खोटं कशाला बोला!

"मॅडम, केवढ्या लाल रेघा तुमच्या फायलीत! स्क्रीनवरचा एडिटर ओरडून राह्यला होता, टॅग उघडला, बंदच नाई केला म्हणून. मी करून टाकला बंद. सेव्ह पण केलं."

कप टेबलावर आदळला.

"ऊठ."

"काऊन?"

"ऊठ म्हणते ना! माह्या कामाले हात लावाचं तुले कोनं सांगतलं?"

झालं होतं असं. सदाशिवबुवांचं शेवटचं कीर्तन आचल संगणकावर मांडत होती. रेकॉर्डिंग वाजेल तसे पडद्यावर शब्द उमटायचे. आजारपणात बुवांचा आवाज गेला तो गेलाच; आज संध्याकाळी समुद्रपूरच्या देवळात ते स्वतः ऐकायला येणार होते. आता कीर्तनकार अभंग धरतो, अर्ध्यावर सोडतो, आख्यान रंगवतो आणि अगदी शेवटी तोच अभंग पुरा करतो. म्हणून आचलने अभंगाचा टॅग, म्हणजे तो कुठे सुरू, कुठे संपतो ती खूण, पहिल्या फायलीत उघडून चौथ्या फायलीत बंद केला होता. चुका शोधणारा तो एडिटर बघणार एका वेळी एकच फाइल! घेतला त्याने खोटा आळ. आणि या शहाण्याने अभंग पहिल्याच फायलीत मिटवला, चौथीतल्या शेवटच्या ओळी जास्तीच्या म्हणून पुसल्या.

"पण मशीन खोटं बोलते का?"

"बोलते! अर्धं ऐकून बोंबलते. अन् तू त्याचं ऐकलं. मी चहाच्या टपरीवर होती, मले विचाराले तुह्ये पाय मोडले होते?"

निकेशचं हसू पार मावळलं. "चुकलं माह्यं. मी येतो समुद्रपूरले संग... बसमध्ये नीट करू."

"करू नाई. मी सांगीन, तू टाइप करशील."

एसटीत लॅपटॉप त्याच्या मांडीवर. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक त्याच्या. वायर पुरावी म्हणून रागातही जवळ बसावंच लागलं. बुवा गात होते, आचल धुसफुसत शब्द सांगत होती. लाल रेघ पुन्हा उमटली. त्याचं बोट थबकलं.

"राहू देऊ?"

"राहू दे." — हसू येत होतं, तिने ते खिडकीकडे वळवलं.

देवळात कीर्तन लागलं. अभंग मध्येच थांबला तसा निकेश कुजबुजला, "संपलं?"

"गप. ऐक."

आख्यान रंगलं, सरलं... आणि सोडलेला अभंग पुन्हा उठला. पडद्यावर त्या ओळी उमटल्या, पुसलेल्या, पुन्हा लिहिलेल्या. समोर बसलेल्या बुवांचे ओठ हलू लागले. आवाज नाही, पण बोटं मांडीवर ताल धरत होती. निकेशने मान खाली घातली. डोळे पुसले.

पायऱ्यांवर तो म्हणाला, "आचल... तुले विचारल्याबिगर आता कशालेच हात लावणार नाई."

"माहा राग गेला नाई अजून."

"मग रोज थोडा थोडा काढ माह्यावर. जन्मभर पुरव, चालते मले."

ती थबकली. कान लाल झाले. "बोलतो तर असा... उद्या दोन चहा आणजो. तुह्या पैशानं!"

पुढे लग्नातही भांडली म्हणे, हार कोणी आधी घालायचा यावरून! ते दोघं सुखात आहेत, त्यांचं सोडा. पण कुठे कीर्तनात अर्ध्यावर सुटलेला अभंग शेवटी पुरा होताना ऐकलात, तर माझ्यासाठी एक करा: ओठांनीच गाणाऱ्या आमच्या सदाशिवबुवांना तेवढं आठवा.