उसनं गोत्र

सर्वपित्री अमावास्येला, शनिवारी दुपारी, ऑस्ट्रेलियातल्या टूनगॅबीतल्या घरात शिरीष ताम्हनात तीळपाणी सोडत होता. त्याची बायको नीरजा चिठ्ठी घेऊन समोर उभी राहिली.

"एक नाव वाढव. एझ्रा हॉब."

"तुझा तो अमेरिकेतला गोरा? अगं, तर्पण आहे हे, फेसबुक नाही."

नीरजा हसली नाही. अमेरिकेत इतिहास शिकून आलेली ती. लोकांचे पूर्वज शोधून देणं म्हणजे तिचं व्रतच. एझ्राचा माग तिने शेजारच्या हेझलआजींसाठी काढला होता. चारशे वर्षांपूर्वी अमेरिकेत वसायला गेलेल्या या माणसाने, पहिल्याच हिवाळ्यात धान्य पुरेना तेव्हा, सात वर्षांच्या धाकट्या मुलाला बाहेर बर्फात काढून दाराला आतून अडसर घातला. पुढे त्याच्या वंशात दर पिढीला सात वर्षांचं एक मूल गारठून गेलं. वंश ऑस्ट्रेलियात आला, तरी इथेही, भर उन्हाळ्यातसुद्धा. हेझलचा नातू ऑलिव्हर आता सात वर्षांचा होता आणि त्याचे हात गार पडत चालले होते.

तर्पणाचं ऐकून हेझलने दोनदा विचारलं होतं, "तुमच्याच घरचा म्हणून नाव घ्याल ना?"

"त्याच्या वंशात पाणी देणारं कुणीच नाही रे," नीरजा म्हणाली. "मेलेल्यावर कसला राग धरायचा?"

"आणि गोत्र?"

"माहीत नसलं की काश्यप म्हणतात ना."

"ते तर आपलंच." शिरीषने खांदे उडवले आणि तीन ओंजळी सोडल्या.

तिसरीचं पाणी खाली पडलंच नाही. बोटांवर थिजलं.

घरात ओल्या लोकरीचा, धुराचा वास पसरला. मागचं काचेचं दार सरकून बंद झालं. मग एक जड, लाकडी आवाज आला. अडसराचा... त्या दाराला अडसर नव्हता.

"आई..." अंगणात खेळणाऱ्या वेदचा आवाज. त्यालाही नुकतंच सातवं लागलं होतं. "आई, ओपन इट ना... इट्स सो कोल्ड..."

बाहेर लख्ख ऊन होतं आणि वेदच्या तोंडातून वाफ निघत होती. ओठ निळे पडले होते. शिरीषने काचेवर खुर्ची घातली. खुर्ची मोडली. नीरजा नखं फुटेस्तोवर दार ओढत राहिली.

तिचा फोन वाजला. हेझलचा मेसेज होता: 'थँक यू, डिअर. ऑलिव्हरचे हात गरम झाले.'

वेदने दोन्ही तळवे काचेला टेकवले.

आणि आतल्या बाजूने, नीरजाच्या खांद्यावरून पुढे आल्यासारखे, बरोबर त्यांच्यावर दोन मोठे तळवे उमटले.