चंदनाला यजमान लागतो

सन दोन हजार एकोणीस. साताऱ्याच्या पूर्वेला, माणात, त्या वर्षी उन्हाळा माघातच येऊन बसला होता. आणि त्याच वर्षी श्रावणात कृष्णामाईने सांगलीकडची घरं पोटात घेतली. कुणाच्या नशिबी घोटभर पाणी नाही, कुणाच्या नशिबी छपराएवढं! त्या दोन टोकांच्या मधे क्रांतीची ही गोष्ट घडली.

म्हसवडच्या एका मंगल कार्यालयात वन संशोधन केंद्राचं तीन दिवसांचं शिबिर होतं. झाडं लावावीत कशी, जगवावीत कशी, कीड आवरावी कशी. शिकवायला क्रांती. सव्वीस वर्षांची, वाळवा तालुक्यातल्या ऊसवाल्या घरातली, नोकरीपायी इथे खोली घेऊन राहिलेली.

"चंदन एकटं वाढत नाही," ती फळ्यापाशी सांगत होती. "त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळातून अन्न घेतात. म्हणून चंदनाला यजमान लागतो."

बायकांत खसखस पिकली. पुढच्या रांगेतल्या तानुबाई नावाच्या म्हातारीने तोंडाला पदर लावला, पण डोळे काही लपेनात.

"आन बाई, तुमचं यजमान काय करत्यात?"

क्रांतीच्या हातातला खडू मोडला. "मला... अजून यजमान नाहीत."

"मग येकट्याच कशा वो वाढला?"

सगळं कार्यालय हसलं. नेमका तेव्हाच दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. हातात घमेलं, घमेल्यात पिवळं पडलेलं रोप. हसू आपल्यालाच आहे असं वाटून त्याने पाठ ताठ केली.

"मॅडम, कीड कुठली तेवढं सांगा. औषध लिहून द्या, मी लगेच जातो."

"शिबिर तीन दिवसांचं आहे."

"माझी तीनशे झाडं तीन दिवस थांबायची न्हाईत."

क्रांतीने पानं उलटून पाहिली, खोडावर भोक आहे का ते बघितलं, साल नखाने खरवडली. "कीड नाही ही. रोप उपाशी आहे."

"उपाशी? रोज घागरीनं पाणी घालतोय मी!"

"नाव काय तुमचं?"

"नानासो."

"नानासो?" तिला हसू आवरेना. "हे नाव की मान?"

"जल्मापास्नंच म्हातारा हाय मी," तो गंभीरपणे म्हणाला.

"ल्योक हाय माजा," तानुबाई पुढून ओरडल्या. "ह्याचं बी येकट्याचं वाढनं खुंटलंय, बगा बाई!"

त्याचे कान लालबुंद झाले. क्रांतीने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

शिबिर उरकल्यावर ती त्याचं रान बघायला गेली. नानासो पलटणीतून गुडघा दुखावून लवकर घरी आलेला. बापजाद्यांनी मेंढरं राखली त्या माळावर त्याने चंदन लावलं होतं. आणि ते रान! रोपं दोरीत उभी, प्रत्येकाला चुन्याने रंगवलेल्या दगडांचं कडं, मधे गवताची काडी नाही.

"हे शेत आहे की परेडचं मैदान?"

"साफसफाई, मॅडम. पलटणीत शिकलोय."

"ह्येच!" तानुबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मी झाडाझाडाला तूर टोकली हुती. ह्यानं दिवाळीत समदी उपटली. म्हनं, डिशिप्लिन!"

बांधाजवळ एकच रोप तेवढं हिरवंगार होतं. त्याच्या शेजारी खुरप्यातून सुटलेली तुरीची एक काटकी उभी होती. क्रांतीने गुडघे टेकले आणि बोटांनी माती हलकेच बाजूला केली. चंदनाचं बारीक मूळ तुरीच्या मुळाला बिलगलं होतं. जिथे बिलगलं तिथे मोहरीएवढी गाठ.

नानासोही शेजारी बसला. दोघांची बोटं एकाच मातीत.

"म्हंजे ह्ये चोरून खातंय?"

"चोरून नाही. मागून घेतंय."

"मागितलं की मिळतं व्हय?"

क्रांतीने मान वर केली. तो मुळाकडे बघत नव्हता.

"ते..." ती हात झटकत उठली. "ते मागणाऱ्यावर आहे."

तिने केंद्रातून हादग्याची रोपं दिली, तूर पुन्हा टोकायला लावली, पाण्यासाठी मडकी पुरायला सांगितली. शंभरावर चंदन गेलंच. पण जे उरलं, त्याला वैशाखात पालवी फुटली. मग फोन सुरू झाले.

"मॅडम, खोडाला भोक पडलंय. खाली भुसा हाय."

"खोडकिडा. तार घालून अळी काढा, औषधाचा बोळा कोंबा, वरून चिखल लिंपा."

दुसऱ्या दिवशी, "काढली अळी." तिसऱ्या दिवशी फोटो आला. पानावर लाल किडा, पाठीवर काळे ठिपके.

"अहो, हा मित्रकिडा! मारू नका."

"मग पाळू?"

"पाळा."

"ह्यो मित्र बाकीच्या किडी खातो?"

"हो."

"मॅडम... तुमचं बी असंच हाय. तुमचा आवाज ऐकला की माझ्या डोक्यातली कीड जाते."

पलीकडून ती हळूच म्हणाली, "औषध कमी पडतंय वाटतं. रोज फोन येतो."

आषाढात एकदा फोन आला आणि तो बोलेचना.

"काय झालं? परत खोडकिडा?"

"न्हाई. आज कीड न्हाई."

"मग?"

"मग... मी हाय."

क्रांती खिडकीत उभी होती. रस्त्यावर मेंढरांचा कळप चालला होता. ती म्हणाली, "कळलं मला. फार दिवसांपूर्वी कळलं."

पण वाळव्याला आबा होते. जोतिबा आबा, सहा एकर ऊस, दारात चार म्हशी. सुट्टीला घरी गेल्यावर क्रांतीने धीर करून विषय काढला. आबांनी सुपारी कातरायची थांबवली.

"माणदेशात? माझी पोरगी? हंडा घिऊन टँकरमागं पळायला? बिनपाण्याच्या गावात पोरगी द्यायची न्हाई, ही माझ्या बापाची शपथ हाय."

"आबा, चंदनाला तुंबलेलं पाणी चालतच नाही. त्याला फक्त यजमान—"

"मी झाडाचं इचारत न्हाई!"

तिने नानासोला सारं सांगितलं.

"आबा खोटं बोलत न्हाईत, क्रांती." पहिल्यांदाच त्याने नावाने हाक मारली, आणि तीही अशी. "आमच्यात पाणी न्हाई. मी कुठनं आणू?"

त्यानंतर फोन आला नाही. एक आठवडा, दोन, तीन. उरलेल्या झाडांत एकाही झाडाला कीड लागली नाही म्हणायची!

नागपंचमीला क्रांती घरी आली ती तिथेच अडकली. पाणी अंगणात आलं, जोत्यावर चढलं, खिडकीला टेकलं. माणसं आणि जनावरं उंचावरच्या शाळेत गेली. ऊस बुडाला, कडबा वाहून गेला. चौथ्या दिवशी म्हशी दावणीला नुसत्या हंबरत राहिल्या, आणि आबा त्यांच्याकडे पाठ करून बसले.

पाचव्या दिवशी दुपारी, पाणी जरा ओसरल्यावर, लांबच्या वाटेने फिरून एक टेंपो शाळेपाशी आला. वर हिरव्या मक्याचा भारा. चिखलात उतरून एक उंच माणूस, एक पाय जपत, पेंढ्या खाली टाकू लागला. आबांच्या म्हशींपुढे त्याने पहिली पेंढी सोडली.

"कुठलं गाव, पाव्हणं?"

"म्हसवडकडचं."

आबा बघतच राहिले. "तुमच्यातच दुष्काळ. तुमची जनावरं उन्हाळाभर चारा छावणीत. आन आमाला चारा?"

"छावणीतनंच वाटा काढलाय, आवं. जनावर उपाशी हंबरलं की काय हुतं, ते आमच्याइतकं कुणाला ठावं?" त्याने पाठीवरचं गाठोडं सोडलं. "आईनं भाकरी दिल्यात. आन चटणी."

आबांनी भाकरी घेतली. तुकडा मोडला, पण तोंडापर्यंत हात जाईना.

तेवढ्यात क्रांती शाळेच्या पायरीवर आली. केस विस्कटलेले, डोळे जागरणाने तांबारलेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंच नाही. ती म्हशीकडे बघू लागली, तो पेंढीच्या गाठीकडे. त्याचे कान मात्र लाल झाले.

आबांनी आधी पोरीकडे पाहिलं, मग त्या कानांकडे. जन्मभर शेती केलेला माणूस तो, कुठे काय रुजलंय ते त्याला कळायचं. बराच वेळ ते समोरच्या पाण्यावर नजर लावून होते.

"लय पाणी बघितलं," ते स्वतःशीच पुटपुटले. मग घसा खाकरून म्हणाले, "क्रांते, आत चूल पेटलीय नव्हं?"

"होय, आबा."

"मग हुबी काय ऱ्हायलीस? इचार तुज्या यजमानास्नी... च्या घेनार का."

क्रांतीने विचारलंच नाही. पदर डोळ्यांना लावून ती आत पळाली.

माघात लग्न झालं. आबांच्या बांधावर क्रांतीने कधीकाळी हौसेने लावलेली चंदनाची दोन झाडं त्या पुरातच कुजली. माळावरची एकशे ऐंशी मात्र अजून उभी आहेत, नानासोच्या छातीच्याही वर. खोडकिडा दरवर्षी येतो आणि तारेवर जातो. आबा उन्हाळ्यात महिनाभर लेकीकडे राहतात. पाण्यावरून रोज कुरकुरतात आणि निघायची तारीख रोज पुढे ढकलतात. तानुबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटपर्यंत कनवटीला तुरीचं बी असायचं त्यांच्या.

क्रांतीची आता स्वतःची रोपवाटिका आहे. शिबिरं तीच घेते. फळ्यापाशी उभी राहून ती म्हणते, "चंदनाला यजमान लागतो," आणि बायकांत खसखस पिकतेच. एखादी धीट पोर विचारतेच, "आन ताई, तुमचं यजमान?"

तेव्हा मागच्या भिंतीला टेकलेला नानासो पाठ ताठ करतो आणि पलटणीतल्यासारखा खणखणीत आवाज देतो —

"हजर!"