आतून आलेले ठोके

सुक्या गोदीतले पाणी उपसून झाले तेव्हा सकाळचा चहा नुकताच फिरला होता. पूर्वी अशा वेळी कामगार परांची बांधून पाणबुडीच्या अंगाला भिडत, रंग खरवडून काढत, आणि मग अभियंते वीतवीत पत्रा तपासून तडे शोधत. आता कोणी काही खरवडत नसे. ‘मकरी’च्या कवचावर स्पंदलेप होता. हा लेप रंगाइतकाच पातळ, पण त्यात केसाहून बारीक काचतंतूंचे जाळे विणलेले असे. कवचावर आलेला प्रत्येक ताण ते जाळे टिपून ठेवी आणि त्यावरून हानीची श्रेणी आपोआप ठरे. एक म्हणजे किरकोळ; पाच म्हणजे पाणबुडी मोडीत.

मालविका सबनीस यांनी कप बाजूला ठेवला आणि जाळ्याची तार आपल्या पडद्याला जोडली. गोदीच्या हानीमूल्यांकन विभागाच्या त्या प्रमुख होत्या. युद्धात फुटलेली पाणबुडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. शांततेच्या काळातल्या मात्र पुष्कळ पाहिल्या होत्या. कोणी गाळात रुतलेली, कोणी धक्क्याला घासलेली, कोणी झडप उघडी राहिल्यामुळे आतून भिजलेली.

‘मकरी’ सरावाच्या फेरीत एका बुडालेल्या मालवाहू बार्जच्या डोलकाठीला घासली होती. ती बार्ज नकाशावर नव्हती. पाणबुडी स्वतःच्या बळावर बंदरात परतली. तिच्या मागच्या बॅटरीकक्षात काम करणारा हरेश्वर तांडेल मात्र जिवंत परतला नाही.

“मॅडम, मला एकच सांगा,” शेजारी उभे असलेले कमांडर शितोळे म्हणाले. ‘मकरी’ त्यांच्याच हाताखाली होती. “त्या कक्षाचं दार बंद ठेवणं भाग होतं ना?”

“आधी पत्रा बघू, साहेब.”

परांचीवर चढून मालविकाबाईंनी पोचा आलेल्या जागी हात फिरवला. मग गोलाई मोजण्याची कमान कवचावर बसवली. पाणबुडीचे बळ तिच्या पोलादाच्या जाडीत जितके असते, त्याहून अधिक तिच्या गोलाईत असते. गोलाई बिघडली की समुद्र तिथूनच तिला चिरडू लागतो. बाईंनी कमान सरकवत तीनदा मापे घेतली. गोलाई जवळजवळ शाबूत होती. पोच्यामुळे आतल्या एका नळाचा सांधा तेवढा उखडला होता.

“श्रेणी दोन,” खाली येऊन पडद्यावर नवी नोंद करत त्या म्हणाल्या. “खरं तर दोनही जड वाटते.”

शितोळ्यांचा चेहरा उतरला. “असं कसं? आमच्या पडद्यावर आधी तीन होती, मग चार झाली. पुढे ती पाचकडे चालली होती. नियम आहे, मॅडम. चारवर गेलं की पाण्यावर येईपर्यंत कक्षाचं दार उघडायचं नाही. आणि वर मच्छीमारांची जाळी पसरलेली. त्यांच्या खालून बाहेर सरकेपर्यंत वर येता येईना.” ते थांबले. “आकडा चढला की दर वेळी पडदा विचारायचा, हानी वाढत आहे, दार बंदच ठेवायचे का? आणि दर वेळी मी ‘होय’ दाबायचो.”

मालविकाबाई खुर्चीत बसल्या. लेपाने टिपलेला त्या दिवसाचा ताण त्यांनी क्रमाने पडद्यावर उलगडला. आधी डोलकाठीचा एक मोठा घाव दिसला. त्यानंतर रेषा सपाट झाली. मग अचानक लहान लहान, घाईचे, वेडेवाकडे आघात सुरू झाले, आणि त्या प्रत्येकाखाली यंत्राने नोंदवले होते: तडा वाढत आहे.

“हे आघात बाहेरून आलेले नाहीत,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “आतून आलेत. पाणी थांबवायला तो नळात लाकडी पाचर ठोकत होता.”

“आणि हे पुढचे? हे ऐकले मी. दाराला हात लावून उभा होतो. टेलिफोनची तार तुटली होती. मला वाटलं, दार उघडा म्हणून गयावया करतोय.”

पुढचे आघात घाईचे नव्हते. दोन ठोके, मग विराम, मग एक. पुन्हा दोन, विराम, एक. मालविकाबाईंचा हात पडद्यावरून खाली आला.

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या टाकीची दाबचाचणी शिकायला आत उतरल्या होत्या आणि बाहेर कान लावून गोदीचे जुने कामगार मोरेश्वर तांडेल बसले होते. बाईंनी गोंधळून कसेही ठोके दिले, तेव्हा बाहेरून आवाज आला होता, “अहो बाई, आत भजन लावलंय का? दोन द्या, दम खा, एक द्या!” सांधा कोरडा असला की आतल्याने असे सांगायचे ही या गोदीची जुनी रीत. बाहेरच्याने तीन संथ ठोके दिले की समजायचे, ऐकले, दार उघडतो आहे. नौदलाच्या कुठल्याही पुस्तकात ही रीत नव्हती. हरेश्वर त्याच मोरेश्वरभाऊंचा मुलगा. नौदलात जाण्यापूर्वी त्याने याच गोदीत उमेदवारी केली होती.

“तो गयावया करत नव्हता, साहेब. गळती थांबली, एवढंच सांगत होता.”

शितोळे पडद्याजवळ वाकले. “आणि त्याचं सांगणं यंत्र तडा म्हणून मोजत राहिलं.”

“लेपाला आघात कळतो. कोण करतंय आणि कशासाठी, ते कळत नाही.”

“तेव्हाच दार उघडलं असतं तर?”

खारे पाणी बॅटरीत शिरले की विषारी वायू होतो, आणि हरेश्वर त्यानेच गेला होता; पण तो वायू सावकाश साठतो. मालविकाबाईंना खोटे बोलता आले असते. नियम बिनचूक पाळला गेला होता आणि अहवालात तसे लिहिणेही चूक ठरले नसते.

“वाचला असता,” त्या म्हणाल्या.

गोदीच्या पायऱ्यांवरून मोरेश्वर तांडेल खाली येत होते. मुलाचे दिवसकार्य उरकून ते कामावर परतले होते आणि दाबचाचणीचा लाकडी हातोडा सवयीने त्यांच्या कमरेला होता. मालविकाबाई उठू लागल्या, पण शितोळ्यांनी त्यांना थांबवले. “हे मलाच सांगू द्या.”

त्यांनी सगळे सांगितले. ‘होय’ आपण दाबले, हेही सांगितले.  ऐकून झाल्यावर मोरेश्वरभाऊ शितोळ्यांकडे न बघता बाईंकडे वळले.

“बाई, घाबरला व्हता का ओ तो?”

“नाही, भाऊ. ठोके बघा. एकसारखे आहेत, शेवटपर्यंत. तुम्ही शिकवलेत तसे.”

“दम खाल्ला मधी?”

“दर वेळी खाल्ला.”

म्हाताऱ्याने मान हलवली. “लई घाई असायची त्याला. मी वरडायचो, दम खा म्हणून.” मग ते शितोळ्यांना म्हणाले, “सायेब, तुमास्नी ठावं नव्हतं. पण बाहेर कोनी हाय हे आतल्याला कळाया पायजे. परत ठोका तरी द्यायचा. कसाबी.”

 शितोळ्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मोरेश्वरभाऊ परांचीवर चढले. बॅटरीकक्षाच्या जागी त्यांनी कवचाला कान लावला आणि टाकीजवळ बसत तसे थोडा वेळ थांबले. मग कमरेचा हातोडा काढून त्यांनी तीन संथ ठोके दिले. रिकाम्या पाणबुडीत ते घुमले आणि हळूहळू विरले.

जाळ्याची तार अजून जोडलेलीच होती. मालविकाबाईंच्या समोर सपाट रेषा तीनदा उसळली आणि दोनचा आकडा बदलून तीन झाला. खाली अक्षरे उमटली:

हानी वाढत आहे. दार बंदच ठेवायचे का?