टँकरखाली अडकलेला उजेड

"बाबा, मी आधी!" खारूताई ओरडली.

पण बाबांनी आपल्या कामाच्या जेसीबीवर आधी हात देऊन चढवलं ते प्रोफेसरला! प्रोफेसर म्हणजे तिचा आतेभाऊ; घरात सगळ्या पोरांना अशीच टोपणनावं. सुट्टीला येऊन आठवडा झाला नाही, तोच पठ्ठ्यानं सगळं घर खिशात घातलं होतं. "या भाचेबुवा! बसा भाचेबुवा!" आणि पोटची पोर? ती खाली उभी, धूळ खात! धाकटा भाऊ शेपूट, तोसुद्धा प्रोफेसरच्याच मागे! खारूताईचा असा काही जळफळाट झाला की विचारू नका!

इतक्यात दवाखान्यातल्या नर्सबाई धावत आल्या. "नेट पुन्हा गेलं हो! शहरातले डॉक्टर पडद्यावरून एका आजींना तपासत होते, अर्ध्यातच गायब!"

मागोमाग केबलवाला सुपरवायझर आला. "जाणारच! पाण्याच्या पाइपचा चर खोदताना या जेसीबीवाल्यांनीच आमची नेटची फायबर केबल तोडली. उद्या दोन्ही कामांवरच्या साहेबांना सांगतो. मग बघू हे मशीन यांच्या हातात कसं राहतं ते!"

"केबलच्या खुणेपासून हातभर लांब खोदलंय मी," बाबा एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला.

मुलांनी थेट दवाखाना गाठला. भिंतीवरच्या नेटच्या डबीवर लाल दिवा होता. बघता बघता तो हिरवा झाला!

"तुटलेली फायबर आपोआप कशी जुळेल?" प्रोफेसर म्हणाला.

"काय हुशारी! हे शेपटालाही कळतं," खारूताई फणकारली.

"मला नव्हतं कळलं," शेपूट प्रामाणिकपणे म्हणाला.

खारूताईनं रागानं खिडकीकडे तोंड फिरवलं. समोरच्या दूध केंद्राहून टँकर नुकताच निघाला होता. जिथे तो उभा होता, तिथे जमिनीत केबलच्या खड्ड्याचं झाकण होतं, मधोमध खचलेलं. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! टँकर उभा की लाल, गेला की हिरवा! पण का? ते काही कळेना. प्रोफेसरला विचारावं? छे! मग शाबासकी पुन्हा त्यालाच! ती गप्प बसली. मत्सर असाच गोड बोलून माणसाला गप्प करतो, देवा!

संध्याकाळी बाबा जेसीबी पुसत होते, एखाद्याला निरोप द्यावा तसे. ते पाहून तिला भडभडून आलं. ती तडक प्रोफेसरकडे गेली. "ऐक. शहाणपणा न करता ऐक!" आणि तिनं टँकरचं सगळं सांगितलं.

प्रोफेसरनं उडीच मारली. "अगं, फायबरमधून उजेड धावतो! ती जास्त वाकली की उजेड बाहेर सांडतो, पुढे पोचतच नाही. झाकणाखाली ती नक्की चेपतेय! तू कमाल आहेस!"

"माहितीये," ती म्हणाली. पण कान मात्र गरम झाले.

सकाळी साहेब दवाखान्यापुढे आले. सुपरवायझर तोडलेल्या फायबरची कहाणी रंगवून सांगू लागला.

"साहेब, मग दवाखान्यातला दिवा हिरवा कसा?" खारूताईनं मध्येच विचारलं.

सुपरवायझर गडबडला. "ते... ते असंच असतं कधी कधी."

"हो का?" तिनं दूध केंद्राच्या टँकरकडे हात केला; ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलं होतं. "ड्रायव्हरकाका, घ्या पुढे!"

टँकरचं चाक झाकणावर चढलं.

"लाऽऽल!" दवाखान्याच्या खिडकीतून शेपूट ओरडला.

"आता मागे!"

"हिरवाऽऽ!"

साहेबांनी झाकण उघडायला लावलं. आत उरलेल्या केबलची वेटोळी एवढ्याशा जागेत कोंबली होती.

"वेटोळी ठेवायची मोठी पेटी आली नव्हती, म्हणून जरा..." सुपरवायझर पुटपुटला.

"जरा? आणि आळ यांच्यावर? आधी माफी मागा!" साहेब कडाडले. सुपरवायझरनं बाबांपुढे हात जोडले.

"शाब्बास, भाचेबुवा!" बाबांनी प्रोफेसरची पाठ थोपटली. खारूताईच्या काळजात पुन्हा कळ उठली.

"मामा, मी नुसतं कारण सांगितलं. शोधलं हिनं!"

बाबा वळले. त्यांनी तिला उचलून गच्च धरलं. एवढी मोठी झाली होती ती, तरी!

दुपारी आजींची तपासणी पडद्यावर पुरी झाली. बाहेर येऊन त्यांनी एक हात खारूताईच्या आणि दुसरा प्रोफेसरच्या डोक्यावर ठेवला. "देव भलं करो रे, लेकरांनो!"

खारूताईनं तिरक्या नजरेनं पाहिलं. त्याच्या डोक्यावरचा हात जास्त वेळ तर नाही ना राहिला?

नाही. दोन्ही हात एकदमच उचलले गेले.

तेवढ्यात शेपूट मध्ये घुसला. "आजी, आणि मी? ओरडलो तर मीच!"

खारूताई खळखळून हसली. मग प्रोफेसरला कोपरानं ढोसत म्हणाली, "सरक रे जरा, त्याला जागा दे!"